दिवसात रात येतेच

मोताळ्याच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली अर्जनविसांची चार टेबलं लागतात. त्यातलं कोपऱ्यातलं, एका पायाखाली वीट सरकवलेलं, ते अन्नपूर्णाबाईंचं. आधी तिथं त्यांचा नवरा राम बसायचा. तो गेला तेव्हा बाई चाळिशीच्या, बारावी शिकलेल्या, आणि अक्षर असं की तलाठीसुद्धा पुढं म्हणायचा, काकू, तुमचा अर्ज नामंजूर करायचा म्हणजे जिवावर येतं. तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी बाई नवऱ्याच्या टेबलावर जाऊन बसल्या. बाकीचे तिघं अर्जनवीस एकमेकांकडे बघून हसले. एकानं विचारलंच, "वहिनी, तुमाले जमन काय हे?" बाई म्हणाल्या, "तुमाले जमलं ना? मंग मले काऊन नाही जमनार?" पुन्हा त्यांच्या तोंडी लागायची कोणाची छाती झाली नाही.

आता अर्जनविसाचं काम काय, हे ज्याला कधी कचेरीची पायरी चढावी लागली नाही त्याला सांगून कळायचं नाही. माणूस येतो, उन्हात उभा राहतो आणि आपलं घरातलं बोलतो. आमचं घर, आमची वाट, तिथून गाडी जाते, ते झाड आमच्या आज्यानं लावलं. हे सगळं कागदावर उतरवायचं. अन् कागद मोठा हरामखोर असतो! बोलताना 'घर' म्हटलं की ओटा आला, न्हाणी आली, मागचा गोठाही आला. कागदावर 'घर' लिहिलं आणि गोठा लिहिला नाही, की दहा वर्षांनी त्याच गोठ्यावरून कुऱ्हाडी निघतात. एका जुन्या खरेदीखतात 'गाडीपुरती वाट' असं लिहिलेलं होतं. लिहिली तेव्हा गाडी बैलाची. नातवानं त्याच वाटेनं हार्वेस्टर घातलं, आणि शेजाऱ्यानं ड्रायव्हरला खाली ओढून त्याचे समोरचे चार दात पाडले. पुढं तीन वर्षं कोर्टात एकच भांडण चाललं, की गाडी म्हणजे काय.

राम हे सगळं बायकोला जेवताना सांगायचा. "अन्नपूर्णा, मानसं गोडीत असताना बोलतात ते लिहू नको. भांडतीन तवा काय बोलतीन, ते मनात आनून लिही." बाई हो हो म्हणायच्या आणि भाकरी वाढायच्या. हुशार माणसाला दुसऱ्याचं ऐकायचा कंटाळा असतो, तो त्यांनाही होता.

टेबलावर बसून चार वर्षं झाली असतील. धामणगाव बढ्याचे भगवानराव आपल्या दोन्ही मुलांना घेऊन वाटणीपत्र करायला आले. थोरला गोविंदा, आडव्या अंगाचा, कमी बोलणारा. धाकटा गणेश, सारखी बडबड आणि खी खी हसणं. जमीन दोघांत सारखी वाटायची होती, त्यात काही अडचण नव्हती. विहीर मात्र एकच. पाणी सात दिवस थोरल्यानं घ्यायचं, सात दिवस धाकट्यानं, सोमवारी पाळी बदलायची. घरचीच माणसं, सगळी आनंदात, येताना स्टँडवरून गरम भजी बांधून आणलेली. बाईंनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं: सदर विहिरीचे पाणी लिहून देणार नंबर एक यांनी सात दिवस व नंबर दोन यांनी सात दिवस असे पाळीपाळीने घ्यावे, त्यास कोणाचीही हरकत राहणार नाही.

भगवानरावांनी भजं तोंडात घालता घालता हात थांबवला. "बाई, रात धरून लिहा."

"काय दादा!" बाई म्हणाल्या. "दिवसात रात येतेच. सात दिवस म्हटले म्हंजे सात राती काय शेजाऱ्याच्या?"

सगळे हसले. गणेश तर भजं घशात अडकेपर्यंत हसला. गोविंदाही हसला. म्हाताऱ्यानं मान हलवली, "तुमी शिकल्यासवरल्या, तुमाले जास्त समजते," असं म्हणून अंगठ्याला शाई लावून घेतली. आता खरं सांगायचं तर त्या पानावर दोनच ओळींची जागा उरली होती आणि तिथं सह्या बसवायच्या होत्या. आणखी काही लिहायचं तर पान नवं घ्यावं लागलं असतं, सगळं पहिल्यापासून लिहावं लागलं असतं, आणि मागं सहा माणसं ताटकळत उभी होती. बाईंनी ते पान तसंच शिवलं.

तीन वर्षांनी भगवानराव गेले. ते थोरल्याकडे राहत असत, तिथंच त्यांनी डोळे मिटले. भाऊ भाऊ आपापलं करून खात होते. गोविंदाची बायको गीताबाई वांगी-मिरची घेऊन धामणगावच्या बाजाराला बसायची, गणेशची पूनम मलकापूरपर्यंत माल पाठवायची. कोणाचं कोणावाचून अडत नव्हतं. मग शेतातल्या मोटारींच्या विजेचं, म्हणजे लाइनीचं, वेळापत्रक बदललं. एक आठवडा लाइन दिवसा सुटायची, एक आठवडा रात्री. पाळी सोमवारी बदलायची आणि लाइनही सोमवारीच बदलायची. झालं काय, की गोविंदाच्या पाळीला नेमकी दिवसाची लाइन आली आणि गणेशच्या पाळीला कायम रात्रीची. गणेशनं दोनदा म्हटलं, "दादा, एखादा आठवडा आदलाबदल करू." गोविंदा म्हणाला, पाहू. पाहू म्हणजे नाही, हे गणेशला कळलं. तो बॅटरी घेऊन रात्रीचं पाणी द्यायला लागला. विंचू चावला, एकदा पायाखालून साप गेला, तरी त्यानं कुरकुर केली नाही.

मग एक वर्ष पावसानं दगा दिला. विहीर दिवाळीतच तळाला गेली. आणि नेमका त्या वेळी गीताबाईचा भाऊ कुलदीप जळगाव जामोदहून पाहुणा आला. हा कुलदीप एका वकिलाच्या मागं मागं फिरायचा, त्याच्या फायली उचलायचा, आणि तेवढ्यावर स्वतःला अर्धा वकील समजायचा. असली माणसं पूर्ण वकिलापेक्षा वाईट! त्यानं कपाटातलं वाटणीपत्र मागून घेतलं, बोट फिरवत वाचलं आणि म्हणाला, "दाजी, तुमी तर खुळे आहात. इथं काय लिहिलं? सात दिवस. दिवस म्हंजे काय? सूर्य निघाल्यापासून बुडेपर्यंत. रातीचं पानी कोनाले देलं? कोनालेच नाही देलं. जे वाटलं नाही ते बापाचं राह्यलं. अन् बाप कोन पोसला?"

गोविंदाला बापाचे शब्द आठवत नव्हते असं नाही. तो त्या टेबलापाशी बसलेला होता, हसला होता. पण घशाला कोरड पडलेल्या शेताकडे तो रोज बघत होता, आणि कागदानं त्याला चोरवाट दाखवली होती. गणेशच्या पाळीतली रात्र आता माझी, असं त्यानं जाहीर केलं. मग गणेशला उरलं काय? त्याच्या आठवड्यात दिवसा लाइनच नसायची. सात दिवसांच्या पाळीत त्याच्या वाट्याला नुसतं विहिरीकडे बघत बसणं आलं.

सुरुवात गणेशच्या पाळीत मोटारीचे फ्यूज पळवण्यानं झाली. गणेशनं नवे आणले. मग त्याचा पाइप विळ्यानं तीन ठिकाणी चिरलेला सापडला. गणेशनं भर दुपारी गोविंदाच्या वांग्यांच्या दोन ओळी मुळासकट उपटून त्याच्या दारात नेऊन टाकल्या. मग बायका भिडल्या. गीताबाईनं पूनमच्या दंडाचा असा लचका तोडला की टाके घालावे लागले, आणि पूनमनं भरली घागर तिच्या तोंडावर हाणून दोन दात आत ढकलले. सरपंचानं दोघां भावांना चावडीवर बसवलं. तिथं चार माणसांत गोविंदा म्हणाला, "पुढच्या पाळीत रातचा दिसला तर धड विहिरीत अन् मुंडकं शेताच्या धुऱ्यावर." सरपंचानं कपाळाला हात लावला. लोक चहा पिऊन उठले. कोणाला वाटलं होतं की तो खरंच करील?

मार्चातला बुधवार होता. दिवस बुडायला टेकला होता, अजून चांगला उजेड होता. लाइन आठला येणार म्हणून गणेश लवकरच पाइप जोडायला आला, हातात लोखंडी पाना. पूनम आणि तिची सात वर्षांची पोरगी डिंपल वांग्यांत गवत काढत होत्या. विहिरीवर स्टार्टरच्या पेटीला नवं कुलूप, आणि पेटीपुढं गोविंदा बसलेला. मांडीवर फावडं आडवं.

"दिवस बुडालाच समज, गण्या. तुही पाळी सरली. घरी जाय."

"दादा, बापूनं काय सांगतलं होतं, तुले ठाऊक आहे."

"कागदात दाखव."

बापाचं बोलणं कागदात असतं तर त्यानं छातीवर गोंदवून आणलं असतं. त्यानं पाना उचलला आणि कुलपावर घातला. एक घाव, दुसरा घाव, कुलूप तुटून पडलं. तो पेटी उघडायला वाकला आणि फावडं आलं. पातं मान आणि खांदा यांच्या मधे बसलं. गणेश पडला नाही. तसाच वळला, सदरा रक्तानं भरलेला, आणि त्यानं पाना गोविंदाच्या जबड्यावर असा हाणला की हाड तुटल्याचा आवाज वांग्यांपर्यंत आला. पूनम ओरडत धावली. गीताबाई कुठून आली देव जाणे, तिनं पूनमला मागून केसांना धरलं, उताणी पाडली आणि छातीवर गुडघा रोवला. त्या गुडघ्याखालून पूनमनं पुढचं पाहिलं. दुसरा घाव टाळूवर. तिसरा, गणेश गुडघ्यावर आल्यावर. चौथ्याची काही गरज नव्हती, तरी गोविंदानं तो घातला. मग फावडं टाकून तो आपला लोंबता जबडा दोन्ही हातांत धरून विहिरीच्या काठावर बसला आणि बैलासारखा हंबरायला लागला. डिंपल वाफ्यात उभी होती. तिच्या मुठीत उपटलेलं गवत होतं, ते तिनं रात्री घरी येईपर्यंत सोडलं नाही. दवाखान्यात नेण्यासाठी कोणाची बोलेरो आली खरी, पण मोताळा यायच्या आत गणेश संपला होता.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास पोलिस अन्नपूर्णाबाईंच्या टेबलाशी आले. वाटणीपत्राची नक्कल हवी होती. बाईंनी पेटीतून बंडल काढलं, धूळ झटकली, पान उलटलं. आपलंच अक्षर, सुबक, गोल. सात दिवस. त्यांनी तीच ओळ तीनदा वाचली. मग कागद पोलिसाच्या हातात दिला. माणूस मारला गोविंदानं, हे खरं. पण फावडं कोणी हातात दिलं, हे त्यांना एकट्यांना माहीत होतं, आणि त्या दिवसापासून अन्नाचा घास त्यांना गोड लागला नाही. कोणाला सांगितलंही नाही. सांगणार काय? म्हातारा सांगत होता आणि मी हसले?

खटला उभा राहिला तसा गोविंदाच्या बाजूनं हाच मुद्दा काढायचं ठरलं. कागदाप्रमाणे रात्रीचं पाणी गणेशचं नव्हतंच, तो चोरून घेत होता, कुलूप फोडत होता, गोविंदा आपली चीज राखायला गेला आणि झटापटीत गणेश मेला तो मेला. कागद तसा ठरला तर गोविंदा थोडक्यात सुटणार होता. आणि नुसतं तेवढंच नाही. पूनमच्या शेताचं रात्रीचं पाणी कायमचं जाणार होतं, म्हणजे नवरा गेला तो गेला, वर शेतही वाळणार. टेबलाभोवती त्या दिवशी बसलेल्यांपैकी भगवानराव नाहीत, गणेश नाही. गोविंदा आरोपी. राहिल्या एकट्या अन्नपूर्णाबाई.

हे कुलदीपलाही कळत होतं. एका दुपारी तो दोन माणसं घेऊन लिंबाखाली आला. आधी पाया पडला. "काकू, तुमाले काही खोटं बोला म्हनत नाही. दिवस म्हंजे दिवस, एवढंच सांगा."

"मले काय सांगाचं ते मी पाहीन. तू ऊठ इथून."

"बाप्पा! एवढा राग?" कुलदीप हसला, आणि हसता हसताच त्यानं बाईंचा उजवा हात मनगटाला धरला. कागद ठेवायची पत्र्याची पेटी उघडीच होती. हात पेटीच्या काठावर दाबून त्यानं झाकण आपटलं. एकदा. मग पुन्हा, सगळं अंग टाकून. "या हातानं लिहिलं ना? या हाताले इचार, दिवस म्हंजे काय!" बाकीचे तिघं अर्जनवीस आपापल्या कागदांत मान घालून बसले. एकही मायेचा पूत उठला नाही. बाईंनी किंकाळी मारली, पण डावा हात मोकळा होता. कागद शिवायचा दाभण टेबलावरच पडलेला. तो त्यांनी उचलला आणि कुलदीपच्या मांडीत मुठीपर्यंत घुसवला. कुलदीप जो ओरडत सुटला तो बस स्टँडपर्यंत लंगडत गेला, दाभण तसाच मांडीत.

कुलदीप आठ दिवस आत राहिला आणि जामिनावर सुटला. बाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली. अक्षर गेलं. ज्या अक्षरावर तालुका भुलायचा ते अक्षर! त्या महिनाभर रडल्या. मग त्यांनी एक जुना कॉम्प्युटर आणला आणि डाव्या हाताच्या एका बोटानं लिहायला शिकल्या. शिकल्या त्या अशा, की लोकांना नको झालं. कुठलाही शब्द त्या फुकट सोडेनात. घर म्हणजे चार भिंती, छप्पर, ओटा, न्हाणी व मागील गोठा धरून. गाडी म्हणजे बैलगाडी, ट्रॅक्टर, ट्रॉली व मळणीयंत्र धरून, हार्वेस्टर वगळून. झाड म्हणजे खोड, फांद्या, फळं, आणि पडलं तर सरपण. एक जण गाय विकायचा कागद करायला आला. बाईंनी विचारलं, गाय म्हणजे पोटातल्या वासरासकट की वासरू सोडून? तो म्हणाला, "काकू, आता गायीलेच इचारून येतो." सगळे खो खो हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वासराची ओळ घातल्याशिवाय त्याला कागद दिला नाही.

दोन वर्षांनी साक्षीची तारीख लागली. आदल्या दिवशी पूनम टेबलाशी आली. वाळून काटकी झालेली, दंडावर गीताबाईच्या दातांचा वण. ती बसली नाही. "काकू, मले काही नाही पाह्यजे तुमच्याकडून. फक्त खरं सांगा. माह्या सासऱ्यानं काय सांगतलं होतं, ते सांगा." बाईंनी मान डोलावली. पूनम गेल्यावर त्या बराच वेळ डाव्या हातानं उजवी बोटं चोळत बसल्या. त्यांनी एक मधला मार्ग मनाशी ठरवून ठेवला होता. आमच्याकडे दिवस म्हणजे चोवीस तासच धरतात, असा रिवाज आहे, एवढं सांगायचं. खोटं काही नाही त्यात. पूनमचंही काम होईल, आणि हसण्याची गोष्ट काढायची गरज नाही. ती काढली तर अर्जनविसाचा परवाना जाणार, अठरा वर्षांचं नाव जाणार, नवऱ्याचं टेबल जाणार.

कोर्टात सरकारी वकिलानं विचारलं तेव्हा बाईंनी तेच सांगितलं, खणखणीत आवाजात. पिंजऱ्यात गोविंदा उभा होता. त्याचा जबडा वाकडा जुळला होता, त्यामुळे तोंड एका बाजूनं उघडंच राहायचं. पूनम मागच्या बाकावर होती.

मग गोविंदाचा वकील उठला. "बाई, दिवस मावळतो, म्हणजे काय मावळतं?"

"सूर्य."

"म्हणजे दिवस हा उजेडाचा."

"साहेब, खोलीच्या भाडेकरारात महिन्याचे तीस दिवस लिहितात," बाई म्हणाल्या. "म्हणून रात्री भाडेकरू अंथरूण घेऊन रस्त्यावर झोपतो का?"

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशांच्या ओठांवरही हसू आलं. वकील मात्र जराही चिडला नाही. उलट त्यानं मान डोलावली. "छान बोललात. म्हणजे या शब्दाचे दोन अर्थ होतात हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. इतकी वर्षं तुम्ही हेच काम करता. तरी तुम्ही 'रात्र धरून' असं लिहिलं नाही. कारण सरळ आहे. वाटणी ठरताना रात्रीचा विषयच निघाला नव्हता. बरोबर? हो किंवा नाही सांगा."

बाईंच्या लक्षात आलं, आपला मधला मार्ग इथं संपला. हो म्हटलं की आपण सुटलो. परवाना राहील, टेबल राहील, कोणी नाव ठेवणार नाही. आणि गोविंदा सुटेल, रात्र त्याची होईल, आणि मेलेला गणेश चोर ठरेल. त्यांनी वाकड्या बोटांनी कठडा धरला.

"निघाला होता," त्या म्हणाल्या.

"काय?"

"विषय निघाला होता. भगवानराव म्हणाले, बाई, रात धरून लिहा. मी म्हटलं, दिवसात रात येतेच. आणि मी हसले. गणेश हसला. हा गोविंदाही हसला, विचारा त्याला. पानावर जागा नव्हती, मला पान बदलायचा कंटाळा आला. मी लिहिलं नाही. चूक माझी आहे, साहेब, सगळी माझी. पण काय ठरलं होतं, ते याला माहीत होतं. फावडं मांडीवर घेऊन बसला होता ना, तेव्हाही माहीत होतं."

टाइप करणाऱ्या बाईचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. वकिलानं फायलीत काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि खाली बसला. गोविंदा पिंजऱ्यात आपल्या पायांकडे बघत होता. तो नाही म्हणाला नाही. एकदाही नाही.

बाई बाहेर आल्या तेव्हा पायऱ्यांवर कडक ऊन होतं. सगळं अंग हलकं झालं होतं, आणि आता इथंच खाली बसावं असं त्यांना वाटत होतं. मागून पूनम आली. बाईंना वाटलं, पोरगी गळ्यात पडेल. त्यांनी खरोखरच हात पुढं केले. पूनमनं खाडकन त्यांच्या तोंडात मारली. चष्मा उडून पायरीवर फुटला. दुसरी चपराक बसली तेव्हा ओठ दातावर आपटून फाटला.

"रात धरून, पाच अक्षरं होती, काकू!" पूनम ओरडत होती, आवाज चिरका, ओळखू न येण्यासारखा. "पाच! माहा मानूस पाच अक्षरांत वाचत होता! माहा सासरा सांगून राह्यला होता, अन् तुमी हसल्या? कायले हसल्या? सांगा, कायले हसल्या तुमी?"

तिसऱ्यांदा हात उगारला तोवर कोर्टाचा शिपाई धावत आला आणि त्यानं तिचं मनगट मागून पकडलं. पूनम सुटायला धडपडत होती, लाथा झाडत होती. माणसं गोळा झाली. शिपाई धापा टाकत म्हणाला, "बाई, तुमी बाजूले व्हा. तक्रार देता काय हिच्या नावानं?"

बाईंनी पदरानं ओठाचं रक्त पुसलं. डोळ्यांपुढं सगळं धूसर होतं, तरी पूनम कुठं उभी आहे ते त्यांना दिसत होतं. त्या बाजूला झाल्या नाहीत. उलट एक पायरी खाली उतरून तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"हात सोडा तिचा, भाऊ," त्या म्हणाल्या. "तिचं झालं नाही अजून."

शिपाई घोटाळला, त्यानं आजूबाजूच्या माणसांकडे पाहिलं, आणि मग हात सोडला.